दाजी, बगळे आणि क्रेनचा ब्रेक

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, भित्रे होते. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावर शंभरदा बोललो आहे. झोपण्याआधी गॅसचा कॉक तीनदा बघायचा. दाराला कडी घातली की ती ओढून बघायची, आणि ओढून बघितली होती की नाही या शंकेने पुन्हा उठायचं. रिकामा रस्ता ओलांडतानासुद्धा दोन्हीकडे मान वळवायची. ताई म्हणायची, "मी यांना पसंत केलं ते त्या मान वळवण्यावरच. म्हटलं, हा माणूस मला तासभर रस्त्याच्या कडेला उभी करेल, पण गाडीखाली येऊ देणार नाही." आमच्या साइटवर सगळे त्यांना भागूबाई म्हणायचे. ते नाव मीच पाडलं होतं.

आणि हा माणूस टॉवर क्रेन चालवायचा. रोज सकाळी लोखंडी मनोऱ्याच्या आतली शिडी चढायची, प्रत्येक टप्प्यावर थांबून सुरक्षेचा पट्टा तपासायचा, वरच्या काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसायचं आणि संध्याकाळी उतरायचं. डबा, पाणी सगळं वरच. मी त्यांचा सिग्नलमन. त्यांना वरून जे दिसत नाही ते मी खालून वॉकीटॉकीवर सांगायचं: उचला, हळू, डावीकडे, अजून, थांबा. अकरा वर्षांत त्यांच्या हातून एक फळीही पडलेली नव्हती. दुसरे ऑपरेटर माल झोकात फिरवायचे, हे मात्र असा नेणार की भरलेलं ताट घेऊन चाललेत. मुकादम कावायचा, मी त्यांची टिंगल करायचो, पण हुकाखाली उभं राहताना मला कधी भीतीने वर बघावं लागलं नाही, हेही खरं.

मी एकदा विचारलं होतं, "दाजी, वर भीती नाही वाटत?"

"रोज वाटते."

"मग चढता कशाला?"

"खाली काय कमी वाटते?" ते म्हणाले आणि पट्टा तपासायला लागले.

त्या वर्षी आम्ही एका शाळेची इमारत बांधत होतो. कुंपणाच्या भिंतीपलीकडे एक जुनं, चांगलंच उंच झाड होतं आणि झाडाला लागून सहा बैठ्या घरांची रांग. इमारत वाढेल तसा क्रेनचा मनोरा वाढवतात. आमची इमारत अजून दुसऱ्या मजल्यावर होती, त्यामुळे क्रेनही ठेंगणीच होती. तिचा लांब आडवा हात, त्याला आम्ही बूम म्हणतो, त्या झाडाच्या शेंड्यावरून जेमतेम दोन पुरुष उंचीवरून फिरायचा.

थंडी सरता सरता त्या शेंड्यावर राखी बगळे उतरले. आम्हाला खालून दिसायचं ते एवढंच, की लांब पायांचं काहीतरी येतंय-जातंय आणि भिंतीवर पांढरे सडे पडताहेत. वासाने जीव नकोसा व्हायचा. दाजींना मात्र वरून घरटी दिसत होती, अगदी आतपर्यंत. सात घरटी. आणि दोन मालांच्या मधे पाच-दहा मिनिटं मिळाली की यांचं सुरू व्हायचं.

"अरे, नर काडी घेऊन आला."

"बरं."

"तिला देतोय. ती घेत नाहीये. अरे, घेतली! पण काढून दुसरीकडे लावली."

"दाजी, विटा बांधून तयार आहेत."

"आपल्या घरातलंच आहे सगळं," ते म्हणायचे आणि हूक खाली सोडायचे.

मला आधी कंटाळा यायचा. पण दिवसभर कानाला तेच लावलेलं असल्यावर माणूस ऐकतोच. अंडी निळसर हिरवी असतात, हे मला कळलं. एक बसलेला असतो तेव्हा दुसरा येतो, दोघं माना उंच ताणतात, चोची वाजवतात, मग पहिला उठतो आणि दुसरा पाय दुमडून इतका सावकाश बसतो की बघणाऱ्याचाच श्वास अडकावा. नवरा-बायकोने पाळी लावून घेतलेली, आणि पाळी चुकलेली एकदाही बघितली नाही म्हणे. एक दिवस मी बाराशे किलोची सळई हवेत थांबवून ठेवायला सांगितली होती आणि वॉकीटॉकीवर कुजबुज आली, "फुटलं. पहिलं फुटलं." मला वाटलं, केबिनची काच फुटली. बगळ्याचं अंडं फुटलंय कळल्यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पिल्लं दिसायला भयानक, असं दाजीच सांगायचे. डोक्यावर केसांचा झुपका, पोट सुटलेलं, सगळी चोच आणि भूक. मोठा येऊन पोटातला मासा घरट्यात ओकतो आणि त्याच्यावर झोंबाझोंबी. जवळच्या घरट्यात तीन होती. सगळ्यात धाकट्याला थोरला टोच्यांवर टोचे मारायचा. दाजी वरून तळमळायचे. "अरे, देत नाहीये तो त्याला. आज सकाळपासून एक घास नाही गेला त्याच्या पोटात." मी म्हणायचो, "खाली उतरून भांडण सोडवता का?" संध्याकाळी ताई विचारायची, "यांना जेवण का जात नाही?" मी सांगायचो, धाकट्याला नाही मिळालं म्हणून.

आता ब्रेकचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावर आहे.

क्रेनचा ऑपरेटर संध्याकाळी उतरताना हूक वर ओढून घेतो आणि बूम ज्या ब्रेकने जागच्या जागी धरलेली असते तो ब्रेक सोडून देतो. मोकळी सोडायची. रात्री, सुटीच्या दिवशी वारा येईल तशी ती आपोआप वळते आणि वाऱ्याला पाठ देते. नवख्याला वाटतं, क्रेन पिसाळली. पण मोकळी असते म्हणूनच ती उभी असते. ब्रेक लावून ठेवला आणि जोराचा वारा आडवा आला, तर सगळा मार बूमवर बसतो आणि मनोरा बुडापासून उलथू शकतो. हा नियम पहिल्या दिवशी शिकवतात. तो मोडल्यावर काय होतं याचे फोटोही दाखवतात.

एका शनिवारी आम्ही घरी गेल्यावर वारा फिरला आणि मोकळी बूम रविवारभर झाडावर जाऊन राहिली. सोमवारी दाजी वर पोचले. मग म्हणाले, "दोन घरटी गेली. एकाच्या काठावर कावळा बसलाय. आत काही नाही."

जेवणाच्या सुटीत ते उतरले. कधी उतरत नसत. तोंड पडलेलं. त्यांनी मला समजावलं: बूम डोक्यावर हलते, तिची सावली फिरते, मोठे बगळे घाबरून उठतात आणि तेवढ्यात कावळे घुसतात. हे आपल्यामुळे झालं.

"दाजी, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, एवढंच. कावळ्यांना क्रेन लागते का पिल्लं न्यायला? तुम्ही उठताना बघितलं का बगळ्यांना?"

"रविवारी कोण होतं बघायला?"

"मग?"

"मग काय मग. बगळे आल्यापासून दिवसा कामात मी झाडावरून बूम नेतच नाही. रविवारीच होती ना ती तिथे?"

भित्र्या माणसाला एकदा कारण सापडलं की ते त्याच्या हातून काढून घेणं अवघड. मी नाद सोडला.

गुरुवारी सकाळी मी फाटकातून आत आलो आणि सवयीने वर बघितलं. बूम आदल्या संध्याकाळी जिथे होती तिथेच होती. झाडापासून बाजूला काढलेली, अगदी तिथेच. रात्री वारा नव्हता असंही नाही. भिंतीवरची ताडपत्री सुटून चिखलात पडलेली होती. मी आठवून पाहिलं. बुधवारी सकाळी तिथेच होती. मंगळवारीही.

मी वॉकीटॉकी न वापरता शिडीच्या तळाशी त्यांना गाठलं.

"दाजी, ब्रेक लावून जाताय तुम्ही."

मग त्यांनी माझा दंड धरला. "फक्त पिल्लं उभी राहीपर्यंत. आणखी तीन आठवडे, फार तर महिना. मी वारा बघतो. संध्याकाळी हवामान बघितल्याशिवाय उतरत नाही मी."

"तुम्ही? गॅस तीनदा बघणारे तुम्ही?"

"ती तिघं मला दिसतात रे," ते म्हणाले. "तुला नाही दिसत."

मी साहेबांना सांगायला हवं होतं. इंजिनिअर साहेबांची केबिन तिथून चाळीस पावलांवर होती. पण सांगितलं असतं तर दाजींची क्रेन गेली असती, ताईच्या घरातली चूल त्या क्रेनवर होती, आणि ताईला तोंड मला दाखवायचं होतं. ही झाली सांगायची कारणं. खरं कारण असं, की मला साहेबांच्या समोर उभं राहायचीच भीती वाटली. 'तुला कधीपासून माहीत होतं?' हा त्यांचा पहिला प्रश्न असणार होता. मी मूग गिळून बसलो. एक दिवस गेल्यावर दुसरा दिवस गप्प राहणं सोपं गेलं नाही, उलट जास्त अवघड गेलं, कारण आता 'काल का नाही सांगितलं' हेही आलं. मी रात्री अंथरुणात पडून खिडकीचा पडदा हलतोय का ते बघायचो. दहा दिवस असे काढले.

दहाव्या दिवशी रविवार होता. मी ताईकडे जेवायला गेलो होतो. दुपारी दीडचा सुमार, लख्ख ऊन. दाजी ताटावर बसले होते आणि धाकटं पिल्लू आता थोरल्यालाच उलट टोचतं, हे हात करून दाखवत होते. स्वयंपाकघराची खिडकी एकदम आदळली. ताई उठून लावायला गेली, तर तिला ती ओढून लावावी लागली. गॅलरीतली दोरीवरची चादर सुटून समोरच्या गच्चीवर गेली.

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी दाजींकडे बघितलं. त्यांच्या हातातला घास तसाच ताटात पडला.

"काय झालं?" ताई म्हणाली.

आम्ही तिला काही न सांगता चपला घालून बाहेर पडलो. साइट पंधरा मिनिटांच्या वाटेवर. आम्ही धावलो. धुळीने डोळे उघडता येत नव्हते. मी धावता धावता साहेबांना फोन लावला. ते गावाबाहेर होते, यायला तास तरी लागणार होता. बूमला ब्रेक आहे, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "घरं रिकामी करा. वर कुणी जायचं नाही. ऐकतोयस? कुणीही नाही."

फाटकात पहारेकरी भिंतीला चिकटून उभा होता. आवाज आम्हाला रस्त्यावरूनच आला होता. लोखंड कण्हतं ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. वारा साइटवरून झाडाकडे, घरांकडे वाहत होता आणि बूम त्याला आडवी धरलेली होती. प्रत्येक झोताला मनोऱ्याचा शेंडा घरांच्या दिशेला झुकायचा, थांबायचा आणि परत यायचा. परत येईल की नाही, सांगता येत नव्हतं. पडला असता तर सरळ त्या सहा घरांवर.

"साहेब म्हणाले वर जायचं नाही," मी ओरडलो.

"तास टिकणार नाही हे," दाजी म्हणाले. ते थरथरत होते. दात वाजत होते त्यांचे, मी खोटं सांगत नाही. "ब्रेकला हाताने सोडायचा दांडा आहे, केबिनच्या खाली. तिथवर गेलं की झालं."

त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, 'मी जातो.' माझं वय त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी कमी, अंगात ताकद जास्त. पण सहा वर्षं त्या क्रेनखाली उभा राहून मी त्या शिडीचा पहिला टप्पासुद्धा कधी ओलांडलेला नव्हता. एकदा चढलो होतो, पहिल्याच दिवशी, आणि आठ पायऱ्यांवरून उतरलो होतो. हे दाजींना माहीत होतं. सहा वर्षांत त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं आणि मला कधी चिडवलंही नव्हतं. मी मात्र त्यांना भागूबाई म्हणत आलो.

त्यांनी पहारेकऱ्याच्या खोलीतून पट्टा आणि वॉकीटॉकी घेतली. दुसरी माझ्या हातात दिली. पट्टा तपासला. पुन्हा तपासला. मग शिडीला लागले.

मी घरांकडे पळालो. दारं बडवली. पहिल्या पाच घरांतली माणसं मनोऱ्याकडे एकदा बघूनच बाहेर आली, कुणी अनवाणी, कुणी तोंडात घास असलेलं. सहाव्या घरातली म्हातारी म्हणाली, सारखा कसला आरडाओरडा, माझं दूध उतू जाईल. तिला मी अक्षरशः उचलून रस्त्याच्या टोकाला नेऊन ठेवली. ती माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होती. माझं लक्ष वर. शिडीच्या मधोमध एक ठिपका थांबला होता.

"दाजी!"

मी बटण पुन्हा दाबलं.

"दाजी, थांबलात का?"

"पट्टा," आवाज आला, धापा टाकत. "प्रत्येक टप्प्याला लावतोय. बोलू नको."

मनोरा झुकला आणि मी डोळे मिटले. हे मी कबूल करतो. सिग्नलमनचं काम एकच, डोळे उघडे ठेवणं, आणि तेवढंही माझ्याने झालं नाही. उघडले तेव्हा ते केबिनच्या खाली पोचले होते. मग खटका पडल्याचा आवाज खालीसुद्धा ऐकू आला. बूम क्षणभर जागची हलली नाही आणि मग एकदम सुटली. गरगरत निघाली, साइटवरून, भिंतीवरून, आणि थेट झाडाच्या शेंड्यावर जाऊन डोलत राहिली. मनोरा सरळ झाला. कण्हणं थांबलं.

वॉकीटॉकीवर आधी वारा. मग दाजी बोलले. इतक्या साध्या आवाजात, की मला आधी ते रडताहेत हे कळलंच नाही.

"उठले नाहीत रे."

"कोण?"

"एकही उठला नाही. बूम डोक्यावर आहे त्यांच्या. हलतेय. मोठे चोच वाऱ्याकडे करून बसलेत, पिल्लं त्यांच्या पोटाखाली. कुणी वर बघतसुद्धा नाहीये." मग पुन्हा वारा. "ते उठतच नाहीत."

वारा उतरेपर्यंत त्यांना वरच थांबावं लागलं, तासभर, पट्ट्याने स्वतःला लोखंडाला बांधून. ताई मधेच येऊन पोचली. पायात दोन वेगवेगळ्या चपला. तिने पहारेकऱ्याकडून सगळं ऐकून घेतलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ब्रेक लावून येत होते हे?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"आधी त्यांना खाली येऊ दे गं," मी म्हणालो.

साहेब आले तोवर दाजी उतरले होते. ताईने त्यांच्या दोन्ही गालांना हात लावून बघितलं, जिवंत आहेत का याची खात्री करावी तसं, आणि मग त्यांच्या छातीवर एक जोरात चापटी मारली. काही पडलं नव्हतं, कुणाला खरचटलंही नव्हतं. साहेबांना मी फोनवर 'ब्रेक आहे' एवढंच बोललो होतो. मी दाजींना बाजूला घेऊन म्हणालो, ब्रेक अडकला होता म्हणून सांगा, यंत्र आहे, अडकतं. ते नको म्हणाले. "उद्या दुसरा कुणी बसेल त्या खुर्चीत. यंत्राला दोष दिला तर ते धड यंत्र उघडून बिघडवून ठेवतील, मग त्याच्या जिवाचं काय?"

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये त्यांनी सगळं सांगितलं, बगळ्यांसकट. साहेब हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं आणि मग मान माझ्याकडे वळवली.

"हा रोज खाली असायचा. याला माहीत होतं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, पण काय बोलणार होतो ते मला आजही माहीत नाही.

"त्याला कुठून माहीत असणार?" दाजी म्हणाले. "ब्रेक वर असतो. तो खाली."

साहेबांनी कागद पुढे सरकवला. दाजींनी सही केली आणि साक्षीदार म्हणून त्यांच्या खाली मी केली. दाजींची क्रेन कायमची गेली. माझी नोकरी राहिली.

बाहेर येऊन आम्ही भिंतीपाशी थांबलो. पलीकडे पिल्लांचा कलकलाट चालला होता. खालून काहीच दिसत नव्हतं, तरी ते वर बघत राहिले.

"एक ऐक," ते म्हणाले. "तुला माहीत होतं, हे तुझ्या ताईला कधी सांगू नकोस. मला भीती वाटते."

"आता कशाची?"

"बोलणं टाकेल ती तुझ्याशी. तुला दुसरं आहे कोण?"

मी तिला अजून सांगितलेलं नाही.